बाळगोळी आणि वाढता मेंदू

मुंबईच्या गिरण्यांतील कामगार स्त्रिया तान्ह्या मुलास अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. डॉ. बार्न्स यांनी १९२१-२२ मध्ये केलेल्या पाहणीत अशा स्त्रियांच्या सुमारे ९८ टक्के मुलांना अफू दिली जात असल्याचे आढळले. या चालीचे मूळ मातेच्या बेपर्वाईत शोधणे अन्यायाचे होईल. गिरणीचा दीर्घ दिवस, मूल सांभाळण्यास घरी कोणी नसणे आणि रोज बुडण्याची धास्ती ही तिची खरी कारणे होत. १९२९ च्या मुंबई इलाख्याच्या प्रसूतिविषयक कायद्याने बाळंतपणापुरता आधार दिला. त्यापुढील महिन्यांचा प्रश्न तसाच उरला.

गोळी घेतलेले मूल निपचित पडे आणि ती स्वस्थ झोप समजली जाई. त्या झोपेत मेंदूवर काय परिणाम संभवतो, याचा उलगडा पुढे प्राण्यांवरील प्रयोगांतून होऊ लागला. कुफरबर्ग आणि वे यांनी १९६३ मध्ये दाखविले की, समान मात्रा दिली असता मोठ्या उंदरांपेक्षा लहान पिलांच्या मेंदूत मॉर्फिन अधिक प्रमाणात शिरते. १९७३ मध्ये पर्ट व स्नायडर यांनी मेंदूतील अफूग्राहींचे अस्तित्व सिद्ध केले. १९७५ मध्ये ह्यूझ व कॉस्टरलिट्झ यांना मेंदूतच तयार होणारी अफूसदृश संदेशवाहक द्रव्ये, म्हणजे एन्केफॅलिने, सापडली. १९८३ मध्ये झॅगन व मॅक्‌लॉफ्लिन यांनी नवजात पिलांतील हे ग्राही नाल्ट्रेक्सोन या औषधाने अहोरात्र रोखले, तेव्हा मेंदूची वाढ नेहमीपेक्षा अधिक झाली. अर्थात ही द्रव्ये केवळ वेदना शमवीत नाहीत. वाढत्या मेंदूला आवर घालण्याचे कामही ती करतात. बाहेरून दिलेली अफू नेमकी याच व्यवस्थेत हात घालते.

तथापि पिलांवरील निष्कर्ष गिरणगावातील मुलांना जसाच्या तसा लावता येत नाही. गोळीतील अफूचे प्रमाण अनिश्चित असे. शिवाय उपासमार, रोगराई आणि कोंदट खोल्या यांचे परिणाम त्यापासून वेगळे काढता येत नाहीत. म्हणून जगलेल्या पिढीवर मंदबुद्धीचा शिक्का मारण्यास इतिहासकारास आधार नाही. परंतु बालमृत्यूच्या आकड्यांत ज्यांची गणना झाली नाही, ती सर्व मुले सुखरूप राहिली, असे मानण्यासही आता आधार उरलेला नाही.