हर्बर्ट ग्राफ : ऑपेराचा ‘अदृश्य’ दिग्दर्शक

ऑस्ट्रियात जन्मलेले ऑपेरा दिग्दर्शक आणि संगीताभ्यासक डॉ. हर्बर्ट ग्राफ (१९०३–१९७३) यांची कारकीर्द युरोप व अमेरिका अशा दोन खंडांत घडली. ऑपेरा हा धनिकांचा विरंगुळा न राहता सर्वसामान्य श्रोत्यांचा व्हावा, हा आग्रह त्यांनी रंगमंचावरून आणि लेखनातून सातत्याने मांडला.

ग्राफ यांचा जन्म १० एप्रिल १९०३ रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील माक्स ग्राफ हे नामवंत संगीत समीक्षक, तर संगीतकार गुस्टाव माहलर हे त्यांचे धर्मपिता. बर्लिनमध्ये माक्स राइनहार्ट यांचे भव्य नाट्यप्रयोग पाहून तरुण ग्राफ यांनी तशीच जिवंतता ऑपेरात आणण्याचे ठरविले. त्या काळी ऑपेरात गायक आणि वाद्यवृंद संचालक यांचेच वर्चस्व होते. स्वतंत्र दिग्दर्शक हा व्यवसाय म्हणून जेमतेम रुजत होता. १९२५ मध्ये त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली. प्रबंधाचा विषयही नेमका होता : दिग्दर्शक या नात्याने रिचर्ड वाग्नर.

म्युन्स्टर, ब्रेस्लाऊ आणि फ्रँकफर्ट येथील नाट्यगृहांत त्यांची उमेदवारी झाली. फ्रँकफर्टमध्ये १९३० साली आर्नोल्ड शोनबर्ग यांच्या ‘फोन हॉयटे आउफ मॉर्गेन’ या एकांकी ऑपेराचा पहिला प्रयोग त्यांनीच बसविला. मात्र १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ग्राफ यांना ते शहर सोडावे लागले.

अमेरिकेत प्रथम फिलाडेल्फिया आणि १९३६ पासून न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा ही त्यांची कर्मभूमी ठरली. तेथे ते सुमारे पाव शतक होते. याच काळात साल्झबर्ग महोत्सवात आर्तुरो टोस्कानिनी यांच्यासमवेत ‘मायस्टरझिंगर’ (१९३६) आणि ‘जादूची बासरी’ (१९३७), तर युद्धोत्तर काळात विल्हेल्म फुर्टव्हेंगलर यांच्यासमवेत मोझार्टचा ‘डॉन जिओव्हानी’ त्यांनी सादर केला. १९५४ मध्ये चित्रपटबद्ध झाल्यामुळे हा शेवटचा प्रयोग आजही पाहावयास मिळतो.

‘ऑपेरा फॉर द पीपल’ (१९५१) हा त्यांचा ग्रंथ विशेष महत्त्वाचा. श्रोत्यांना समजणाऱ्या भाषेत गायन, महाविद्यालयीन रंगमंच आणि दूरचित्रवाणी या मार्गांनी ऑपेरा लहान शहरांपर्यंत न्यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६० नंतर ते झुरिच ऑपेराचे आणि १९६५ पासून जिनिव्हाच्या ग्रां तेआत्रचे प्रमुख होते.

त्यांची आणखी एक ओळख मात्र दीर्घकाळ झाकलेली राहिली. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बालमनोविश्लेषणाच्या पहिल्या गाजलेल्या प्रकरणातील, घोड्याच्या भीतीने घराबाहेर पडण्यास कचरणारा ‘छोटा हान्स’ म्हणजे हेच ग्राफ. विश्लेषणाचे काम प्रामुख्याने वडिलांनी फ्रॉइड यांच्या सल्ल्याने केले होते. याच फ्रॉइड यांनी मुलाच्या तिसऱ्या वाढदिवशी डुलता लाकडी घोडा भेट दिल्याची आठवण वडिलांनी पुढे नोंदविली आहे. एकोणिसाव्या वर्षी ग्राफ स्वतः फ्रॉइड यांना भेटले, तेव्हा आपलीच हकिगत वाचूनही त्यातले काही आठवत नसल्याचे त्यांनी सांगितले. योगायोग असा की, साल्झबर्गचा ‘डॉन जिओव्हानी’ खडक कोरून बांधलेल्या जुन्या अश्वारोहण शाळेत झाला होता.

१९७२ मध्ये एका अमेरिकी ऑपेरा नियतकालिकाला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत त्यांनी ही ओळख उघड केली. त्या आठवणींचे शीर्षक ‘अदृश्य माणसाच्या आठवणी’ असे होते. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९७३ रोजी, जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले.