नाणेघाटातील लेणे : भिंतीवरील राजघराणे आणि त्याचे नामलेख

जुन्नरच्या पश्चिमेस सह्याद्रीची धार ओलांडून कोकणात उतरणारा नाणेघाट हा सातवाहनकालीन दळणवळणाचा एक प्रमुख मार्ग होता. त्याच्या एका अंगास कल्याण व शूर्पारक ही बंदरे, तर दुसऱ्या अंगास जुन्नर व त्यापलीकडे प्रतिष्ठान. या घाटाच्या माथ्यालगत कोरलेले लेणे त्यातील ब्राह्मी लिपीतील प्राकृत शिलालेखामुळे प्रसिद्धी पावले आहे. परंतु लेखाच्या प्रसिद्धीमुळे लेण्याचा वास्तू म्हणून विचार काहीसा मागे पडला. हा लेख ज्या भिंतींवर कोरला आहे त्या भिंतींपासून अलग काढून वाचल्यास त्याचा निम्मा अर्थ हरवतो, हे येथे दाखवावयाचे आहे.

जुन्नरच्या परिसरातील इतर लेण्यांशी तुलना केल्यास या वास्तूचे वेगळेपण चटकन ध्यानात येते. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी व तुळजालेणी येथील लेणी बौद्ध संघासाठी खोदलेली असून त्यांतील दानलेखांत धान्य-व्यापारी, कांस्यकार व वेणुकार यांच्या श्रेणींचे उल्लेख सापडतात. काही दाते तर स्वतःस यवन म्हणवितात. नाणेघाटातील मुख्य लेण्यात मात्र स्तूप नाही, आणि भिक्षूंच्या वस्तीसाठी कोठड्याही नाहीत. चढण चढून आलेल्या वाटसरूने घटकाभर विसावावे अशी ही एक प्रशस्त दालनवजा जागा आहे. येथे कर्तृत्व आहे ते श्रेणींचे नव्हे, राजकुलाचे.

दालनाच्या मागील भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या आठ प्रतिमा उठावात कोरलेल्या होत्या. आज पायांच्या अवशेषांपलीकडे त्यांतील फारसे काही उरलेले नाही. मात्र त्यांच्या वरचे नामलेख बव्हंशी टिकले. त्यांत राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका म्हणजेच नागनिका, राजा श्रीसातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी व कुमार सातवाहन ही नावे वाचता येतात. पाचव्या प्रतिमेचे नाव नष्ट झाले आहे. डाव्या व उजव्या भिंतींवर दीर्घ लेख आहे. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य व चार लोकपाल यांना वंदन असून पुढे अश्वमेधादी श्रौत यज्ञांची व त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, ग्रामे आणि कार्षापण यांची गणना येते.

सन १८२८ मध्ये विल्यम साइक्स यांनी या लेखांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यांतील संख्याचिन्हांचा उलगडा केला, आणि १८८३ मध्ये ब्यूलर यांनी लेखांचे संपादन प्रसिद्ध केले. दक्षिणेची आकडेवारी ही केवळ राजवैभवाची साक्ष नाही. २४,४०० सारखी संख्या शंभर, हजार आदींच्या स्वतंत्र चिन्हांनी मांडलेली असल्यामुळे स्थानमूल्यपद्धती रूढ होण्यापूर्वीच्या भारतीय अंकलेखनाचे ते महत्त्वाचे साधन ठरले आहे.

तथापि इतिहासदृष्ट्या अधिक निर्णायक आहेत ते छोटे नामलेखच. दीर्घ लेखाचा बराच भाग झिजला आहे. त्यात व्रतस्थ, मासोपवास करणाऱ्या, घरी राहून तापसीवृत्तीने वागणाऱ्या राणीचे वर्णन आहे, परंतु तिचे नाव त्या ठिकाणी सुरक्षित राहिलेले नाही. ही राणी नागनिकाच, हे अनुमान मागील भिंतीवरील नामलेखाच्या आधारे बांधलेले आहे. लेखात तिचा पिता महारठी असल्याचा निर्देश येतो. नामलेखांतील त्रनकयिर हाच तो, असे मानले जाते. सिमुकाचा नामलेख नसता तर पुराणांतील शिशुक किंवा सिंधुक ही पाठभेदांनी विकृत झालेली नावे नेमकी कोणाची, हेही कळणे अवघड होते.

याच नामलेखांवरून एक वादही उद्भवला आहे. नाशिक येथील लेखात सातवाहनकुलातील कण्ह राजाचा उल्लेख असून पुराणे त्यास सिमुकाचा भाऊ व सातकर्णीचा पिता म्हणतात. नाणेघाटाच्या प्रतिमांत तो दिसत नाही, म्हणून सातकर्णी हा सिमुकाचाच पुत्र असावा, असे काही विद्वानांनी प्रतिपादिले. तर्क आकर्षक आहे. पण पाचव्या प्रतिमेचे नाव नष्ट झालेले असता अनुल्लेखावर इतका भार टाकणे धोक्याचे आहे. काळाविषयीही एकमत नाही. अक्षरवटिकेवरून ब्यूलर यांनी हे लेख इ. स. पू. दुसऱ्या शतकातील मानले, तर पुढील अनेक अभ्यासक त्यांना पहिल्या शतकात आणतात.

राजांच्या प्रतिमा एकत्र मांडण्याची प्रथा भारतात अपरिचित नव्हती. भासाच्या 'प्रतिमा' नाटकात भरतास पित्याचे निधन कळते ते दिवंगत राजांच्या प्रतिमागृहात. मथुरेजवळील माट येथेही कुषाण राजांचे देवकुल उजेडात आले. परंतु नाणेघाटातील प्रतिमागृह नगरात नसून घाटवाटेवर आहे, आणि येथे मृतांबरोबर कुमारही उभे आहेत. बंदरांतून येणाऱ्या मालाचे तांडे ज्या वाटेने चढत, तेथेच राजकुलाने आपली वंशपरंपरा, आप्तसंबंध व दानशीलता मांडली. ज्यास अक्षरे वाचता येत नसत त्यास प्रतिमा दिसत. ज्यास वाचता येत त्यास नाव आणि दानाचा हिशेबही मिळे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, ही लोकसमजूत प्रमाणांनी सिद्ध झालेली नाही. तरीही व्यापारी मार्गावरील सत्ता आणि यज्ञांतील कार्षापणांची दक्षिणा यांचा संबंध दुर्लक्षिण्याजोगा नाही.

जवळच्या एका लेखात पुढील काळातील एका सातवाहन राजाच्या तेराव्या वर्षी पाण्याचे टाके दान केल्याची नोंद आहे. म्हणजे राजकुलाने जेथे आपली स्मृती कोरली, तेथेच पुढे वाटसरूंच्या तहानेचीही सोय झाली. म्हणून या लेण्याच्या अभ्यासात शिलालेख, प्रतिमांचे अवशेष व घाटमार्ग ही तीन साधने एकत्र ठेवूनच निष्कर्ष काढणे इष्ट होय. मूर्तींचे चेहरे गेले. परंतु त्या कोठे, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या शेजारी उभ्या होत्या हे भिंत अजून सांगते, आणि सातवाहनांच्या आरंभकाळाचा इतिहास बव्हंशी त्या क्रमावरच उभा आहे.