हरलेल्या खटल्याचा इतिहास: एक भागधारक, एक निकाल आणि आमचा ऊस

पेटची तयारी करणाऱ्या दोघातिघांनी विचारलं, "मॅडम, राजकारणातला कंपन्यांचा पैसा हा विषय बीडमध्ये बसून कसा करायचा? सगळी कागदपत्रं तर दिल्ली-मुंबईला." मी अजून मॅडम वगैरे नाही, पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. पण हा प्रश्न मलाही पडला होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात घरापासून करते. आमचे तात्या, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, एका सहकारी साखर कारखान्याचे सभासद आहेत. कारखान्याचं नाव लिहीत नाही. मी आठवीत होते त्या वर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेत तात्या उठले आणि त्यांनी विचारलं, निवडणुकीच्या महिन्यात कारखान्याच्या जीपा कुठं फिरत होत्या आणि डिझेल कुठल्या खात्यावर पडलं? व्यासपीठावरून उत्तर आलं, "पुढचा विषय." मागून "मंजूर, मंजूर" सुरू झालं आणि माईक बंद पडला. त्या हंगामात आमच्या उसाला तोड येईना. चिटबॉय रोज उद्यावर ढकलायचा. टोळी आली तोवर तुरे येऊन ऊस आतून पोकळ पडायला लागला होता. सभेतला प्रश्न आणि लांबलेली तोड यांचा संबंध होता, असं तात्या आजही म्हणतात. माझ्याकडे पुरावा नाही, त्यामुळे प्रबंधात मी तसं लिहिणार नाही. हा फरक पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा.

बरीच वर्षं मला वाटायचं की असा प्रश्न विचारणारे तात्या एकटेच. मग एम.ए.ला असताना १९५७ चा एक निकाल वाचनात आला.

टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनी कशासाठी आहे हे सांगणाऱ्या मूळ दस्तऐवजात, राजकीय पक्षांना देणगी देण्याचा अधिकार घालून घ्यायचा होता. तेव्हाच्या कंपनी कायद्यात असा बदल करायला न्यायालयाची मान्यता लागे. जयंतीलाल रणछोडदास कोटिचा नावाच्या भागधारकाने हरकत घेतली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या खंडपीठापुढे आलं. वर्ष बघा: देशाची दुसरी सार्वत्रिक निवडणूक त्याच वर्षी झाली. पोलादासारख्या धंद्यात परवाना सरकारच्या हातात आणि बऱ्याच अंशी धोरणही. त्यामुळे पक्षाला मदत करणं हे धंद्याच्या हिताचंच आहे, असं म्हणणं कंपनीला सोपं होतं.

कोटिचा हरले. कंपन्यांनी देणगी देऊ नये असं कायद्यात कुठं म्हटलेलं नव्हतं, मग न्यायालय कशाच्या आधारावर अडवणार? पण छागलांनी निकाल कंपनीच्या बाजूने देताना आपली अस्वस्थता लपवली नाही. लोकशाहीचा पाया मतदार आहे, मोठ्या पैशाने निर्णय ठरू लागले तर लोकशाहीचा नुसता सांगाडा उरेल, अशा आशयाचं त्यांनी लिहिलं आणि संसदेने यात लवकर लक्ष घालावं असं सुचवलं. त्याच सुमारास कलकत्ता उच्च न्यायालयापुढे इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीचं असंच प्रकरण होतं.

तीन वर्षांनी, १९६० मध्ये, कंपनी कायद्यात कलम २९३अ आलं. राजकीय देणगीला मर्यादा पडली: २५,००० रुपये किंवा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्के, यातली जी रक्कम जास्त असेल ती. शिवाय देणगी नफा-तोटा पत्रकात दाखवायची. म्हणजे सरासरी १० कोटी नफा असेल तर ५० लाखांपर्यंत. निकालामुळेच कायदा आला असं एका ओळीत लिहू नका, कारण दबाव बाकीचेही होते. पण जो प्रश्न कोटिचा न्यायालयात घेऊन गेले, तोच संसदेला सोडवावा लागला, एवढं म्हणता येतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. आपल्याकडे कंपन्यांच्या राजकीय पैशाला लगाम घाला म्हणणारा सामान्य माणूस मोर्चात क्वचित सापडतो. तो सापडतो अर्जात, हरकतीत, सभेच्या इतिवृत्तात. त्याच्या हातात एखादा शेअर असतो किंवा दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावलेला माहिती अधिकाराचा अर्ज. तो पगारी नसतो आणि बहुतेक वेळा पहिल्यांदा हरतो. त्यामुळे निकाल कुणाच्या बाजूने लागला एवढंच बघून पुढे गेलात, तर हा माणूस तुमच्या हातून निसटतो.

अमेरिकेत हे काम वेगळ्या वाटेने झालं. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सिटिझन्स युनायटेड खटल्यात कंपन्यांच्या स्वतंत्र निवडणूक खर्चावरची बंधनं उठवली. मग स्वयंसेवक गावोगाव फिरले आणि स्थानिक कौन्सिलांकडून घटनादुरुस्तीच्या मागणीचे ठराव करून घेतले. लॉस एंजेलिसच्या कौन्सिलने २०११ मध्ये असा ठराव केला. तिथे घटनादुरुस्तीला तीन चतुर्थांश राज्यांची मान्यता लागते, म्हणून खालून दबाव आणण्याला अर्थ आहे. आपल्या ग्रामसभेने उद्या असा ठराव केला तर तो फार तर वर्तमानपत्राच्या तालुका पानावर येईल. इथे दुरुस्तीची किल्ली संसदेकडे आणि कायदा तपासण्याची न्यायालयाकडे. त्यामुळे इथला कार्यकर्ता कागद घेऊन त्या दोन दारांशीच जातो. तुलनात्मक अभ्यास करणाऱ्यांनी दोन्हीकडच्या 'चळवळी' मोजत बसण्याआधी हा फरक बघावा.

आता बीड कुठे आलं? १९६७ मध्ये बीडने लोकसभेवर भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना पाठवलं. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नाना पाटील, येडेमच्छिंद्रचे, आणि निवडून आले बीडमधून! आमच्याकडे अजून म्हातारी माणसं ही गोष्ट कौतुकाने सांगतात. ते ज्या चौथ्या लोकसभेत बसले, तिच्याच काळात, १९६९ मध्ये, कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर सरसकट बंदी आली. भ्रष्टाचार प्रतिबंधासाठी नेमलेल्या संथानम समितीने १९६४ मध्येच तशी शिफारस केली होती. बंदीमागे नुसतं तत्त्व नव्हतं, स्वतंत्र पक्षाकडे वळणारा उद्योगपतींचा पैसा इंदिरा गांधींना तोडायचा होता, असंही अभ्यासक मांडतात. मला दोन्ही कारणं एकाच वेळी खरी वाटतात. पुढे १९७७ मध्ये बीडने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या गंगाधरअप्पा बुरांडेंना निवडून दिलं. याच पक्षाने नंतर निवडणूक रोखे घ्यायला नकार दिला आणि रोख्यांविरुद्ध न्यायालयात याचिकाही केली. बीडचं राजकारण म्हटलं की दोन-चार घराण्यांचीच नावं घेणाऱ्यांना हे सांगावं लागतं. लोकसभेतल्या चर्चा ऑनलाइन वाचता येतात. चौथ्या लोकसभेच्या कंपनी विधेयकावरची पानं काढून वाचा, चांगला सराव होईल.

बंदीने काय झालं? चेकचा पैसा थांबला, रोखीचा वाढला. आणि एक मजेशीर वाट निघाली ती स्मरणिकेची. पक्षाने अधिवेशनाची स्मरणिका काढायची, कंपनीने तिच्यात पानभर जाहिरात द्यायची. देणगी नाही हो, जाहिरात! १९८५ मध्ये राजीव गांधींच्या काळात बंदी उठली, ५ टक्क्यांची मर्यादा परत आली आणि त्या वेळी कायद्याने स्मरणिकेतली जाहिरातसुद्धा देणगीत मोजली. २०१३ च्या कंपनी कायद्यात, कलम १८२ मध्ये, मर्यादा साडेसात टक्के झाली. आता हे वाचून जरा थांबा. तुमच्या गावातल्या कपाटात जुन्या स्मरणिका असतील. गौरव अंकांच्या, सोहळ्यांच्या, अधिवेशनांच्या. मागच्या पानांवर कुणाच्या शुभेच्छा आहेत, कुठला कारखाना, कुठली पतसंस्था, कुठला कंत्राटदार, हे वर्षवार लिहून काढा. मी माझ्या तालुक्यापुरतं हे करते आहे. मार्गदर्शक आधी हसले, मग म्हणाले, परिशिष्टात टाक.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. २०१७ च्या वित्त कायद्याने साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली, कुठल्या पक्षाला दिलं हे सांगण्याची सक्तीही काढली आणि जानेवारी २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा हवी तेवढी देणगी देऊ शकत होती. रिझर्व्ह बँकेने या योजनेवर आधीच आक्षेप घेतले होते. ते कागद बाहेर काढण्यात निवृत्त नौदल अधिकारी कमोडोर लोकेश बत्रा यांच्या माहिती अधिकार अर्जांचा मोठा वाटा होता. निवृत्तीनंतर घरी बसून एक माणूस वर्षानुवर्षं अर्ज आणि अपिलं करत राहिला. एडीआर, कॉमन कॉज आणि इतरांच्या याचिकांवर १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रोख्यांची योजना रद्द केली आणि कंपन्यांच्या अमर्याद देणग्यांची तरतूदही. त्या निकालाच्या चर्चेत १९५७ चे छागला आहेत. कोटिचांची हरकत ६७ वर्षांनी पुन्हा वाचली गेली.

पण इथे बीडच्या माणसाला एक शंका येतेच आणि ती टाळू नये. कंपनी राजकारणाला दाबते की राजकारण कंपनीला? डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे खंडणी मागण्याच्या प्रकरणातून ती घडली असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. त्यामुळे 'कॉर्पोरेट सत्ता' हा शब्द शीर्षकात टाकून मोकळं होता येत नाही. रोख्यांच्या खटल्यात सरकारचा एक युक्तिवाद हाच होता: देणगीदाराचं नाव उघड झालं तर दुसरा पक्ष त्याच्यावर सूड उगवेल. न्यायालयाला तो पुरेसा वाटला नाही, मतदाराचा माहितीचा हक्क वजनदार ठरला. मलाही तेच पटतं, पण भीती काल्पनिक होती असं मी म्हणणार नाही.

आणि शेवटी आमचा ऊस. २९३अ असो की १८२, ही कलमं कंपनीला लागतात. सहकारी साखर कारखाना ही कंपनी नाही, तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेला. जिल्ह्यातल्या सत्तेचं सगळ्यात मोठं आर्थिक यंत्र कितीतरी वर्षं त्या चर्चेच्या बाहेरच राहिलं. चेअरमनच आमदार, मग देणगीची पावती कोण कुणाला देणार? शेतकऱ्याच्या बिलातून बिनपरतीच्या ठेवी कापल्या जायच्या, त्या कुठल्या कलमात बसवायच्या? आता खाजगी कारखानेही आले आहेत, त्यांना मात्र १८२ लागतं. एकाच तालुक्यात, एकाच पिकावर, दोन वेगळे कायदे. कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या, मी याच्या काठावरच काम करते आहे. साधनं घराजवळची आहेत: कारखान्यांचे वार्षिक अहवाल, सभेची इतिवृत्तं, उमेदवारांची शपथपत्रं (त्यात शेअर आणि कर्जं लिहावी लागतात), पक्षांनी निवडणूक आयोगाला दिलेल्या देणग्यांच्या याद्या. आणि तात्यांसारख्यांच्या वह्या. वहीवर विसंबताना तारीख दुसऱ्या कागदाशी जुळवून घ्या, आठवण हंगाम उलटेपालटे करते.

गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा तात्यांना छागलांच्या निकालाचा मथितार्थ मराठीत सांगितला. त्यांनी पहिलं हेच विचारलं, "हरला ना तो?" म्हटलं, हो. थोडा वेळ गप्प बसले, मग कपाटातून कारखान्याचा नवा अहवाल काढला आणि वाहन खर्चाचं पान मला दाखवलं. या वेळी त्यांनी माईकची वाट बघितलेली नाही. सभा सप्टेंबरअखेर आहे. प्रश्न लेखी देऊन आले आहेत, आणि पोच घेतली आहे.