समचरण, संगमरवर आणि मंदिरपथगामिनी

गेवराईच्या आमच्या वर्गात दरवर्षी एक दिवस केशवसुतांच्या सुनीताचा येतो. ‘मयूरासन आणि ताजमहाल’ हे १८९२ मधले मराठीतले पहिले सुनीत मानले जाते. चौदा ओळींचा हा घाट इटलीत जन्मला, इंग्लंडमार्गे आपल्याकडे आला आणि आपण तो आपला म्हणून स्वीकारला. परका घाट घेतला म्हणून केशवसुतांना अनुकरणाचा दोष आज कोणी देत नाही. उलट आधुनिक मराठी कवितेचा आरंभ आपण त्यांच्यापासूनच मोजतो. त्याच दशकात मुंबईत विशीच्या उंबरठ्यावरच्या एका मराठी तरुणाने असाच एक दूरदेशीचा घाट हाती घेतला होता. तो तरुण म्हणजे गणपतराव म्हात्रे, आणि त्यांचे शिल्प ‘मंदिरपथगामिनी’. वाङ्मयेतिहास शिकवताना या शिल्पाचा उल्लेख आपल्यापैकी किती जण करतात, हा प्रश्न आम्ही आधी स्वतःलाच विचारला. उत्तर फारसे सुखाचे नव्हते.

हा घाट कवितेचा नाही, उभे राहण्याचा आहे. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातले ग्रीक तरुणांचे संगमरवरी पुतळे पाहिले, तर एक पाय जरा पुढे टाकलेला असूनही शरीराचा भार दोन्ही पायांवर सारखाच दिसतो. हात मांड्यांशी चिकटलेले, कंबर सरळ, नजर समोर. पुढे इ. स. पूर्व ४८० च्या सुमारास अथेन्समध्ये एक पुतळा घडला. आज तो ‘क्रिटिओसचा कुमार’ म्हणून ओळखला जातो. या कुमाराने भार एका पायावर घेतला आणि दुसरा पाय सैल सोडला. एवढ्याशा बदलाने कंबरेची एक बाजू वर गेली, मान किंचित वळली आणि सारे शरीर आतून हलले. इटालियन कलावंतांनी या उभे राहण्याला पुढे ‘कॉन्ट्रापोस्तो’ म्हटले. आपला त्रिभंग याचा भाऊबंद वाटतो, पण तो सख्खा नव्हे. त्रिभंगात वळणाची लय महत्त्वाची असते; इथे प्रश्न वजनाचा आहे. माणूस स्वतःचे वजन स्वतः कसे पेलतो, हे इथे दाखवायचे असते.

मराठी मनाच्या डोळ्यांपुढची आद्य प्रतिमा मात्र याच्या नेमकी उलट आहे. विठोबा समचरण आहे. दोन्ही पावले विटेवर जुळलेली, हात कटीवर, भार दोहोंवर सारखा. त्याने पाय सैल सोडला असता तर? कल्पनाही खटकते, आणि ती का खटकते हे तपासण्यासारखे आहे. भार एका पायावर आला की ती आकृती काळाच्या ताब्यात जाते. पुढच्या क्षणी ती पाय बदलेल, वळेल, निघून जाईल. विठोबाला कुठे जायचे नाही. जाणारे येणारे आपण.

संगमरवराचा या साऱ्याशी संबंध वाटतो तितका सरळ नाही. पॉलिक्लायटसचा भालाधारी ज्या प्रतींतून जगाला ठाऊक झाला त्या संगमरवरी आहेत, पण मूळ पुतळा ब्राँझचा होता. ब्राँझ आतून पोकळ असते, घोट्यावर उभे राहू शकते. संगमरवर जड आणि ठिसूळ. सारा भार एका घोट्यावर आला तर तो तिथेच तडकायचा. म्हणून रोमन कारागिरांनी पायाशी झाडाचा बुंधा कोरला. मायकेलअँजेलोच्या पाच मीटरांहून उंच डेव्हिडच्या उजव्या पायामागेही तसाच बुंधा आहे. ज्या शिळेतून तो १५०१ ते १५०४ या काळात निघाला, तिच्यावर दुसऱ्यांनी काही दशके आधी हात चालवून ती अर्धवट सोडली होती; टाकून दिलेल्या दगडातून एवढा माणूस उभा करणे हीच मोठी गोष्ट. स्वावलंबी मानवाचे प्रतीक म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवले जाते, त्यालाही मागून टेकू लागतो, हे मात्र वर्गात सांगायला आम्हांला आवडते.

आणि तो पांढरेपणा? ग्रीक पुतळे रंगवलेले असत. केस, ओठ, वस्त्रांचे काठ यांवरचे रंगांचे अवशेष अभ्यासकांना पूर्वीच दिसले होते. २००३ मध्ये म्युनिकच्या एका प्रदर्शनात रंगीत प्रतिकृतीच मांडल्या गेल्या, तेव्हा सामान्य प्रेक्षक चकित झाला. रंग धुतला गेलेले पुतळे मातीतून निघाले, प्रबोधनकाळाने तो कोरेपणाच आदर्श मानला आणि अठराव्या शतकात विंकेलमानसारख्या पंडिताने त्याला सौंदर्यशास्त्राचा आधार दिला. शेंदराने माखलेल्या, वस्त्रे नेसवलेल्या देवांना हात जोडणारा आपल्याकडचा शेतकरी या बाबतीत फ्लॉरेन्सच्या रसिकापेक्षा प्राचीन अथेन्सवासीयाच्या अधिक जवळचा होता, असे म्हटले तर ते धाडसाचे ठरू नये.

देवाणघेवाण तर त्याहून जुनी. आमचा तालुका पैठण आणि तेर यांच्या मधल्या टापूत येतो. ही दोन्ही नगरे पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नोंदलेली आहेत. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईत १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली; तेरच्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे जवळचे साम्य आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेला पोसायडनचा छोटा ब्राँझ पुतळा उलट दिशेने आला. तेव्हा परका घाट ही एकोणिसाव्या शतकाची नवलाई नव्हे. अर्थात तेव्हा व्यापारी आले होते आणि नंतर राज्यकर्ते. हा फरक लहान नाही.

म्हात्र्यांपर्यंत संगमरवर पोचला तो प्लास्टरच्या रूपाने. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टर प्रतिकृती असत आणि विद्यार्थी त्यांवरून मानवाकृती गिरवत. विवस्त्र मॉडेलवरून नियमित अभ्यास तिथे सुरू झाला तो १९१९ नंतर, ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत. म्हणजे वस्त्राखालचे शरीर या तरुणाला मुख्यतः परदेशी देवदेवतांच्या पांढऱ्या प्रतींनी शिकवले असणार, असा आमचा तर्क आहे. त्याने घडवले काय, तर हातात पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली, नऊवारी नेसलेली तरुणी. तीही प्लास्टरमध्येच. १८९६ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने तिला रौप्यपदक दिले.

नऊवारीची निवड इथे निर्णायक वाटते. अथेन्सच्या एरेक्थिऑन मंदिरात छत तोलणाऱ्या स्त्रियांच्या भार घेतलेल्या पायावर वस्त्राच्या उभ्या चुण्या खांबाच्या पन्हळींसारख्या पडतात आणि सैल पायावर वस्त्र अंगाला बिलगते. कोणता पाय काम करतो हे वस्त्रच सांगते. आपल्या नेसणांत हे सांगण्याची सोय काष्ट्याला आहे, कारण काष्टा दोन्ही पाय वेगळे ठेवतो. ग्रीक धडा मराठी देहावर बसला, तो अंगावरचे वस्त्र उतरवून नव्हे, वस्त्राच्या मदतीने. केशवसुतांनी चौदा ओळींत मराठी वृत्त बसवले, त्याच जातीचे हे काम आहे.

समकालीनांना मात्र वेगळाच प्रश्न पडला. इंग्लंडात जॉर्ज बर्डवुड यांनी या शिल्पाची मुक्तकंठाने स्तुती केली, बंगालात रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यावर लिहिले. आणि पुढे स्वदेशीच्या वाऱ्यात असल्या साऱ्या वास्तवदर्शी कलेवर पाश्चात्त्यपणाचा शिक्का बसला. हे शिल्प ग्रीक की भारतीय, एवढाच वाद उरला. ती बाई काय करते आहे याकडे लक्ष गेले नाही. ती चालली आहे. भार बदलण्याच्या नेमक्या क्षणी ती पकडली गेली आहे. आणि कल्पनेने पाहिले तर तिच्या वाटेच्या टोकाला जो उभा असेल, त्याला भार बदलण्याची गरजच नाही. दोन शिल्पपरंपरा इथे एकमेकींवर मात करत नाहीत. एक दुसरीच्या दर्शनाला निघाली आहे.

यंदा केशवसुतांच्या तासाला आम्ही या शिल्पाचे छायाचित्र नेले आणि ‘कॉन्ट्रापोस्तो’ फळ्यावर लिहून समजावू लागलो. भार, कंबर, खांदा असे रेघा मारून दाखवणे चालले होते. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी, सहसा न बोलणारी, म्हणाली, “सर, कमरेवर हंडा घेतला की असंच उभं राहावं लागतं.” तिने उठून दाखवले. डावी कंबर वर, उजवा गुडघा सैल, मान हंड्याच्या उलट बाजूला. शेजारच्या दोघींनी तिची चूक काढली. उतारावर उभे असाल तर पाय बदलावा लागतो, त्या म्हणाल्या, आणि मग कोणत्या उतारावर कोणता पाय, यावर त्यांचे जुंपले. घंटा झाली तरी ते मिटले नव्हते.