मंडईची कुळकथा

पुण्यास नव्याने आलेला प्रवासी शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहून दक्षिणेस शुक्रवार पेठेकडे चालत निघाला, म्हणजे ज्या वाटेने या शहराचा भाजीबाजार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थलांतरित झाला, तीच वाट तो नकळत आक्रमीत असतो. पेशवाईच्या अस्तानंतर वाड्यापुढील पटांगणात उघड्यावर भरणाऱ्या या बाजारास छप्पर असावे, हा विचार नगरपालिकेत बळावला आणि ‘काळे वावर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागेवर इमारत उभी करण्याचे ठरले. मक्ता वासुदेव बापूजी कानिटकर यांजकडे होता. मध्यभागी अष्टकोनी मनोरा व त्याच्या भोवती चहूकडे पसरलेली उतरत्या छपरांची दालने, अशी ती पाषाणी वास्तू अडीच-तीन लाख रुपये खर्चून सिद्ध झाली, आणि 5 ऑक्टोबर 1886 रोजी तिचे उद्घाटन होऊन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून ती ‘रे मार्केट’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

आज आत शिरणाऱ्यास इमारतीच्या गॉथिक शैलीची आठवणही राहत नाही, इतके त्याचे लक्ष गाळ्यांकडे वेधले जाते. उंच ओट्यावर मांडी घालून बसलेली बाई मेथीची जुडी झटकते, कोथिंबिरीवर पाण्याचा हबका मारते, आणि पारडे खाली झुकल्यावरही दोन मिरच्या वरून टाकते. लहानपणापासून या व्यवहारात वाढलेल्या माणसाचा हात कसा चालतो, हे पाहावयाचे असेल तर तिच्यासमोर क्षणभर थांबावे.

याच बाजाराच्या कुळकथेत एका माणसाचा विरोध नमूद आहे. जोतीराव फुले हे 1876 ते 1882 या काळात नगरपालिकेचे सभासद होते. मंडईच्या इमारतीवर एवढी रक्कम खर्ची घालण्यापेक्षा ती गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावी, असे त्यांचे म्हणणे होते. बाजाराविषयी अनास्था म्हणून त्यांनी हा आक्षेप घेतला, असे मानणे अन्यायाचे होईल. ते माळी कुळातले, फुलांच्या व्यवसायावरूनच त्यांच्या घराण्यास हे आडनाव मिळालेले, आणि इमारत आकारास येत असतानाच, 1883 मध्ये, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. भाजी पिकविणाऱ्या रयतेच्या मुलांस अक्षरओळख नसताना भाजी विकण्याच्या जागेस मनोरा कशासाठी, हा प्रश्न त्या परिस्थितीत रास्तच होता. आक्षेप मान्य झाला नाही. मंडई उभी राहिली, आणि ती उभी राहिली हेही शहराच्या दृष्टीने इष्टच झाले. परंतु पैशाचा अग्रक्रम कोणता, याविषयी फुल्यांचा निवाडा मला अजूनही अधिक सखोल वाटतो.

पुढे 1930 नंतरच्या दशकाच्या अखेरीस नगरपालिकेत आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने या वास्तूचे ‘महात्मा फुले मंडई’ असे नामांतर झाले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटासही कालांतराने हेच नाव लाभले. तथापि पुण्यातील हे नामांतर विशेष मोलाचे, कारण ज्या नगरपालिकेने फुल्यांचे म्हणणे बाजूस सारले, तिनेच सुमारे अर्ध्या शतकानंतर गव्हर्नरसाहेबांचे नाव उतरवून त्या जागी आपल्या त्या सभासदाचे नाव चढविले.