प्राणवायूचीही मात्रा असते: भंडाऱ्यातली रात्र आणि अडीचशे वर्षांचा धडा

आजची गोष्ट ऐकायला जड आहे, पण ऐकाच.

साकोली तालुक्यातल्या एकोडीसारख्या गावात एखादं बाळ दिवस भरायच्या आत जन्मलं, त्याला श्वास जमेना, की भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय हा मोठा आधार. तिथल्या नवजात अतिदक्षता कक्षात, म्हणजे एसएनसीयूमध्ये, ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. काही भाजून, बरीचशी धुरात गुदमरून. चौकशीत आगीचं मूळ निघालं ते बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या विजेच्या भागात.

ठिणगी विजेची होती. पण अशा कोणत्याही कक्षात एक धोका कायम असतो. आपल्या हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याचं प्रमाण वाढलं की गादी, कापड, प्लास्टिक भराभर पेटतं. २७ जानेवारी १९६७ ला अमेरिकेत अपोलो-१ यानाची जमिनीवरच चाचणी चालू होती. केबिन शुद्ध ऑक्सिजनने भरलेली. आग लागली आणि तिघे अंतराळवीर गेले.

ही शंका तशी जुनीच. १७७४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टली यांनी हा वायू वेगळा केला. त्यात मेणबत्ती लखलखून जळाली, उंदीर नेहमीच्या हवेपेक्षा जास्त वेळ जगला. प्रिस्टलींनी स्वतःही तो हुंगून पाहिला. छाती हलकी वाटली म्हणे! पण लगेच त्यांना वाटलं, मेणबत्ती लवकर संपते तसा माणूसही यात लवकर संपला तर? पुढे १८७८ मध्ये फ्रान्सच्या पॉल बेर यांनी दाखवून दिलं की दाबाखालचा ऑक्सिजन मेंदूवर परिणाम करतो, झटके आणतो.

तरी मोठी ठेच लागली ती बाळांच्या बाबतीत. १९४० च्या दशकात श्रीमंत देशांत कमी दिवसांच्या बाळांना काचेच्या पेटीत ठेवून भरपूर ऑक्सिजन देऊ लागले. बाळं जगली, पण हजारोंची दृष्टी गेली. कारण कुणाला कळेना! १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवलं ते जादा ऑक्सिजनवरच. डोळ्याच्या पडद्यावरच्या कोवळ्या रक्तवाहिन्या त्याने बिघडत होत्या. मग डॉक्टरांनी ऑक्सिजनला सरसकट कात्री लावली. अंधत्व घटलं, पण कच्च्या फुप्फुसांची बाळं दगावू लागली. म्हणजे जास्त दिला तरी नुकसान, कमी दिला तरी नुकसान.

कमी पडला की काय होतं, ते महाराष्ट्राने त्याच २०२१ मध्ये पाहिलं. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळाला, पुरवठ्याचा दाब घसरला आणि कोरोनाचे २२ रुग्ण गेले.

मग यातून वाट कोणती? मोजून देणं. १९७० च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमीटरची कल्पना मांडली. कोरोनात आपण बोटाला लावायचो ना, तेच यंत्र. आज ऑक्सिजनवर असलेल्या कमी दिवसांच्या बाळाचा आकडा साधारण ९० ते ९५ च्या मध्ये ठेवतात. तिथे शंभर दिसला म्हणजे छान, असं नाही!

तुमच्या घरात, नात्यात असं बाळ असेल तर हे लक्षात ठेवा. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा वजन २ किलोपेक्षा कमी असेल, तर ३० दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. डोळे वरून चांगले दिसत असले तरी! आणि वॉर्डात ऑक्सिजन चालू असेल तर जवळ काडी, अगरबत्ती, विडी काही पेटवू नका.

ऑक्सिजन हे औषध आहे, मंडळी. औषधाला मात्रा असते आणि ते सांभाळायची जबाबदारीही असते. भंडाऱ्याची ती दहा बाळं आठवली की यातला दुसरा भाग विसरता येत नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.