जुने अमेरिकी घडीचे चाकू : ठशाची ओळख आणि ठशाची फसवणूक

घडीचा चाकू उघडला की पाते जिथे मुठीत शिरते, तिथे धार नसलेला, नखाएवढा एक चौकोनी पोलादी भाग दिसतो. इंग्रजीत त्याला ‘टँग’ म्हणतात. चाकू वापरणाऱ्या बहुतेकांचे तिकडे लक्षही जात नाही. अमेरिकेतील जुन्या चाकूंचे संग्राहक मात्र चाकू हाती येताच प्रथम भिंग लावतात ते याच जागी. कारखान्याचे नाव, गाव, नमुन्याचा क्रमांक आणि कित्येकदा निर्मितीचे वर्षही तिथे ठशाने उमटवलेले असते. या नखाएवढ्या जागेवर चाकूची किंमत दहा-वीस पटींनी वर-खाली होऊ शकते. साहजिकच लबाडीही सर्वाधिक तिथेच होते.

आपल्याकडे घडीचा चाकू म्हटला की हिंदी चित्रपटांतला रामपुरी डोळ्यांसमोर येतो. येथे ज्या चाकूंविषयी लिहिले आहे ते त्या कुळातले नव्हेत. शेतकरी, गुराखी, सुतार, कारकून, शाळकरी मुले अशा सर्वांच्या खिशात असणारे ते साधे हत्यार होते. दोन पितळी पट्ट्या, त्यांच्या बाहेरून हाड, लाकूड वा शिंगाचे आवरण, दोन्ही टोकांना ‘बोल्स्टर’ नावाच्या धातूच्या टोप्या आणि पाठीमागे पोलादी स्प्रिंग, एवढीच त्याची रचना. पाते उघडे किंवा मिटलेले राहते ते केवळ या स्प्रिंगच्या दाबाने. त्याला कुलूप नसते. चांगल्या चाकूचे पाते उघडताना आणि मिटताना ठाम ‘टक्’ असा आवाज येतो. अशा चाकूविषयी संग्राहक ‘तो चालतो आणि बोलतो’ असे म्हणतात. पाते ढिले पडलेल्या चाकूला ते आळशी ठरवतात.

कामाप्रमाणे या चाकूंचे घाट ठरत गेले आणि घाटांना नावे पडली. गुरे राखणाऱ्यांचा तीन पात्यांचा ‘स्टॉकमन’, फासेपारध्यांचा दोन लांब पात्यांचा ‘ट्रॅपर’, लाकूड तासत बसणाऱ्यांचा ‘व्हिटलर’, होडीच्या आकाराचा ‘कनू’, मुठीत लपून जाणारा ‘पीनट’. ‘बार्लो’ हा लांबट बोल्स्टरचा स्वस्त चाकू मूळचा इंग्लंडमधला. पण मॅसेच्युसेट्समधील रसेल कंपनीने तो अमेरिकी मुलांच्या हाती दिला. मार्क ट्वेनच्या १८७६ सालच्या ‘टॉम सॉयर’मध्ये टॉमला बक्षीस मिळतो तो बार्लोच, आणि त्याची किंमत साडेबारा सेंट सांगितली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी खिशातील चाकू बहुतांशी इंग्लंडच्या शेफील्ड शहरातून येत. पुढे जर्मनीच्या झोलिंगेनचा मालही येऊ लागला. देशी कारखाने उभे राहिले ते पुष्कळदा शेफील्डहून स्थलांतर केलेल्या कारागिरांच्या हातांनी. न्यूयॉर्क राज्यातील वॉल्डेन गावची ‘न्यूयॉर्क नाइफ कंपनी’ हे याचे ठळक उदाहरण. तिचे अध्यक्ष झालेले थॉमस ब्रॅडली यांचा जन्मच शेफील्डचा होता. यादवी युद्धातील पराक्रमाबद्दल त्यांना सर्वोच्च लष्करी पदक मिळाले आणि १९०३ पासून दहा वर्षे ते अमेरिकी काँग्रेसचे सदस्य होते.

या उद्योगाला खरे बळ दिले ते आयात जकातीने. १८९०च्या मॅकिन्ले कायद्याने परदेशी चाकूंवरील कर वाढवला आणि आयात मालावर मूळ देशाचे नाव छापणे सक्तीचे केले. संग्राहकाला या कायद्याचा आजही उपयोग होतो. टँगवर ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ असा शब्द असेल तर तो चाकू साधारणपणे १८९१ नंतरचा ठरतो. जकातीच्या आश्रयाने न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि कनेक्टिकट राज्यांतील लहान गावांत चाकूचे कारखाने वाढले. वॉल्डेन, एलनव्हिल, लिटल व्हॅली, कॅमिलस, ब्रॅडफर्ड, टायटसव्हिल ही नावे नकाशावर शोधावी लागतात, पण संग्राहकांना ती तोंडपाठ असतात.

ठशावरचे नाव नेहमीच निर्मात्याचे असते असे नाही. सेंट लुइस येथील सिमन्स हार्डवेअर या घाऊक व्यापाऱ्याची ‘कीन कटर’ ही मुद्रा प्रसिद्ध होती, पण तिचे चाकू कारखान्यांकडून बनवून घेतले जात. अशा शेकडो व्यापारी मुद्रा आहेत. त्यामुळे ठसा वाचून झाल्यावर मुठीचा घाट, खिळ्यांची मांडणी आणि नखाने पाते ओढण्यासाठी असलेली खाच पाहून खरा कारखाना ओळखावा लागतो.

ठशावरून काळ ओळखण्याच्या पद्धतीत सर्वांत शिस्तशीर उदाहरण केस कंपनीचे आहे. ‘डब्ल्यू. आर. केस अँड सन्स’ ही कंपनी विसाव्या शतकाच्या आरंभी लिटल व्हॅलीत सुरू झाली आणि लवकरच ब्रॅडफर्डला गेली. तिच्या नावापुढील ‘एक्सएक्स’ ही दोन अक्षरे पोलादाला दोन वेळा पाणी दिल्याची खूण मानली जातात. साधारण १९२० ते १९४० या काळातील चाकूंवर ‘केस टेस्टेड एक्सएक्स’ असा ठसा आहे. १९४० ते १९६४ या काळात तो नुसता ‘केस एक्सएक्स’ झाला. १९६५ ते १९६९ या पाच वर्षांत त्याखाली ‘यूएसए’ आले. १९७० साली कंपनीने ठशाखाली दहा ठिपके दिले आणि दर वर्षी एक ठिपका कमी केला. म्हणजे सात ठिपके असतील तर वर्ष १९७३, एकच असेल तर १९७९. १९८० मध्ये विजेच्या रेघेसारख्या टोकदार ‘एस’चा नवा ठसा आला आणि ठिपक्यांची उलटी मोजणी पुन्हा दहापासून सुरू झाली.

केसचा नमुना क्रमांकही असाच वाचता येतो. पहिला अंक मुठीचे साहित्य सांगतो, दुसरा पात्यांची संख्या आणि उरलेले अंक घाट. ६२५४ म्हणजे हाडाची मूठ, दोन पाती, ५४ क्रमांकाचा घाट, अर्थात ट्रॅपर. तोच चाकू सांबरशिंगाच्या मुठीत आला तर ५२५४ होतो. पिवळ्या कृत्रिम मुठीसाठी ३ हा अंक आहे. रेमिंग्टनची रीत याच्या उलट. तिथे साहित्य शेवटच्या अंकात दडलेले असते. ३ म्हणजे हाड, ६ म्हणजे सांबरशिंग, ८ म्हणजे कोकोबोलो लाकूड. केसचा ६ आणि रेमिंग्टनचा ६ यांत नवखा संग्राहक हमखास घोटाळतो.

रेमिंग्टन ही मुळात बंदुकांची कंपनी. पहिल्या महायुद्धानंतर शस्त्रांची मागणी ओसरली तेव्हा तिने १९२० साली कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट येथे चाकू बनवण्यास आरंभ केला. १९२२ पासून आलेल्या काही मोठ्या चाकूंच्या मुठीवर काडतुसाच्या आकाराची धातूची खूण बसवलेली असे. हे ‘बुलेट’ चाकू आज अमेरिकी संग्रहातले सर्वाधिक हवेसे नमुने मानले जातात. त्यांतही आर ११२३ हा क्रमांक अग्रणी. १९४० मध्ये रेमिंग्टनने चाकूंचा व्यवसाय विकून टाकला. म्हणजे मूळ उत्पादनाचा काळ जेमतेम वीस वर्षांचा. १९८२ पासून जुन्या बुलेट चाकूंच्या नव्या आवृत्त्या निघू लागल्या. त्या नकली नव्हेत, पण त्यांना जुन्याची किंमत नाही.

मुठीच्या साहित्यावर थोडे थांबायला हवे, कारण तिथे या अमेरिकी वस्तूचा एक धागा आपल्या जंगलांपर्यंत येतो. सर्वाधिक वापर गाईबैलांच्या नडगीच्या हाडाचा होता. ते यंत्रावर खाचरून खडबडीत केले जाई आणि तपकिरी, हिरव्या वा लाल रंगात बुडवले जाई. हे खाचरणे म्हणजे सांबरशिंगाच्या पोताची स्वस्त नक्कल. खरे शिंग भारतातून जाई. भारतीय सांबराचे शिंग आतून कमी पोकळ आणि अधिक कठीण असल्याने शेफील्ड, झोलिंगेन आणि अमेरिका या तिन्ही ठिकाणी त्याला पसंती होती. नर सांबर दर वर्षी शिंगे गाळतो आणि जंगलात वेचलेली ही शिंगे निर्यात होत. वन्यजीवांच्या रक्षणासाठी भारताने विसाव्या शतकाच्या अखेरीस ही निर्यात बंद केली. गाळलेल्या शिंगांच्या आडून शिकारीची शिंगेही बाहेर जाऊ शकतात, हे लक्षात घेता निर्णय योग्यच होता. त्यानंतर जुन्या सांबरमुठींचे मोल चढले. केसच्या ५ने सुरू होणाऱ्या जुन्या चाकूची मूठ बहुधा एखाद्या भारतीय अरण्यातून गेलेली असते.

संग्रहाच्या छंदाला संघटित रूप आले ते १९७०च्या दशकात. राष्ट्रीय पातळीवरील संग्राहक संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली. टेनेसी राज्यातील चॅटानूगा येथे तिचे संग्रहालयही झाले. जत्रांसारखी प्रदर्शने भरू लागली, किमतींच्या मार्गदर्शिका निघाल्या. बर्नार्ड लेव्हिन यांची १९८५ची मार्गदर्शिका अजूनही उघडली जाते. याच काळात अवस्थेच्या पायऱ्या सर्वमान्य झाल्या. कारखान्यातून आला तसाच, न वापरलेला, धारही न लावलेला तो ‘मिंट’. ‘एक्सलंट’मध्ये पात्याची झीज दहा टक्क्यांहून अधिक चालत नाही, ‘व्हेरी गुड’मध्ये सुमारे पंचवीस आणि ‘फेअर’मध्ये निम्मी. त्याखाली सुट्या भागांपुरते मोल. ज्या चाकूने जन्मभर काम केले तो या हिशेबात तळाला जातो आणि दुकानाच्या खणात विसरला गेलेला वर चढतो. हे काहींना खटकते. म्हणून झिजलेल्या, आजोबांच्या खिशातून आलेल्या चाकूंचाच संग्रह करणारेही आहेत.

मिंटला एवढी किंमत म्हटल्यावर मिंट ‘बनवणारे’ही आले. सर्वांत सोपी लबाडी म्हणजे स्वस्त चाकूच्या टँगवरील नाव घासून त्यावर रेमिंग्टन, विंचेस्टर किंवा केसचा जुना ठसा मारणे. ती पकडण्याची खूणही तिथेच असते. घासल्यामुळे टँग पातळ होते आणि पाते व पितळी पट्टी यांच्यामध्ये फट दिसते. पाते किंचित हलतेही. जुना ठसा पोलादाला पाणी देण्यापूर्वी, ते मऊ असताना मारलेला असतो, म्हणून त्याची अक्षरे स्वच्छ व खोल उतरतात. नंतर मारलेला ठसा उथळ वा अडखळता उमटतो. टँग चकचकीत आणि आतली स्प्रिंग काळवंडलेली असेल तर शंका घ्यावी. दुसरी लबाडी पाते बदलण्याची. एका चाकूची खरी मूठ आणि दुसऱ्याचे खरे पाते जोडले तर दोन्ही अस्सल, पण चाकू खोटा. इथे नखाची खाच कोणत्या आकाराची, खिळ्याचे डोके पुन्हा ठोकलेले आहे काय, पाती मिटल्यावर त्यांची टोके मुठीत नीट बसतात काय, हे पाहावे लागते. तिसरी लबाडी मुठीवर नवे हाड चढवण्याची. अस्सल हाड आणि बोल्स्टर यांची पातळी अखंड असते. नव्याच्या सांध्यावर बोट अडते.

संग्राहक स्वतःच्या हातानेही चाकूची किंमत घालवतात, ती साफसफाईच्या उत्साहात. जुनी पाती कार्बनी पोलादाची आहेत. घरच्या विळीचे पाते जसे वापराने काळेनिळे होते, तसा त्यांवर थर चढतो. हा थर म्हणजे गंज नव्हे. उलट तो खालच्या पोलादाला जपतो. यंत्रावर चमकवलेल्या पात्याचा हा थर जातो, कारखान्याच्या घासणीच्या बारीक रेघा जातात आणि ठसाही पुसट होतो. एकदा गेले की परत येत नाही. लाल गंज मात्र तेलात भिजवून हळुवार काढावा. चाकू चामड्याच्या पिशवीत दीर्घकाळ ठेवू नये, कारण कमावलेल्या चामड्यातील आम्ले आणि ओल पात्याला खातात. सेल्युलॉइडच्या रंगीत मुठींपासून विशेष सावध राहावे लागते. हे जुने प्लास्टिक विघटित होऊ लागले की आम्लयुक्त वाफा सोडते आणि त्याच डब्यातील इतर निरोगी चाकूंची पाती गंजवून टाकते. जाणते लोक सेल्युलॉइड वेगळे, हवेशीर ठेवतात.

खटका दाबताच उघडणाऱ्या चाकूंचे प्रकरण निराळे आहे. जॉर्ज श्रेड यांनी १८९०च्या दशकात असे चाकू अमेरिकेत रुजवले, पण १९५८च्या संघीय कायद्याने त्यांच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी आली. त्यांचे कायदे राज्यागणिक बदलत असल्याने बरेच संग्राहक त्या वाटेला जात नाहीत.

जुन्या कारखान्यांपैकी फार थोडे उरले. न्यूयॉर्क नाइफ कंपनी १९३१ मध्ये मिटली, कॅटरॉगस १९६३ मध्ये. एलनव्हिलच्या इम्पीरियल श्रेडने २००४च्या जुलैत दारे लावली. तिच्या पाठोपाठ २००७ मध्ये कॅमिलसने आणि २०१८ मध्ये टायटसव्हिलच्या क्वीनने. कारखाने बंद झाले तरी त्यांची नावे विकली गेली. श्रेडचे नाव घेणाऱ्या नव्या मालकाने चाकू चीनमध्ये बनवून घेतले. सुटी पाती आणि मुठीही कामगारांच्या व व्यापाऱ्यांच्या हाती गेल्या. त्यांतून जुळवलेले चाकू अजून बाजारात येतात, आणि ते जुने म्हणावेत की नवे यावर संग्राहकांत एकमत नाही. केस मात्र ब्रॅडफर्डमध्येच चालू आहे. १९९३ पासून तिची मालकी त्याच गावच्या झिपो या लायटर बनवणाऱ्या कंपनीकडे आहे. टायटसव्हिलमध्ये २००६ साली ग्रेट ईस्टर्न कटलरी नावाचा नवा कारखाना निघाला असून तो जुन्या पद्धतीने कार्बनी पोलादाचे चाकू बनवतो. त्याच्या टँगवर सहा अंकी क्रमांक असतो. पहिले दोन अंक घाटाचे, चौथा पात्यांच्या संख्येचा आणि शेवटचे दोन वर्षाचे.